डाक बदलायची की नाही?

“उद्यापासून हिरबाची डाक बंद!” तांबडगडचे राजे रायाजीराव गरजले. “माझ्या बहिणीच्या, ताईसाहेबांच्या गावी पत्र न्यायला चार दिवस? मुंगीसुद्धा लवकर पोचेल!”

हिरबा म्हणजे दरबारचा म्हातारा जासूद. घुंगुरकाठी खांद्यावर टाकून तीस वर्षं राजाची पत्रं पायी नेणारा. बिचारा मान खाली घालून उभा राहिला. शेजारी दोन नव्या डाकांचे मालक मिशांना पीळ देत होते.

सांडणीवाला म्हणाला, “माझ्या उंटांची डाक दोन दिवसांत!”

घोडेवाल्याने वरताण केली, “माझी दीड दिवसात! शिवाय पहिला महिना फुकट!”

बापाची भाकरी घेऊन आलेली हिरबाची लेक भिवरा दाराशी उभी होती. त्याचा उतरलेला चेहरा तिने पाहिला. पण गप्प बसेल तर ती भिवरा कसली!

“महाराज, कोण किती पळतं ते सगळेच सांगतात. वाटेत पत्र कोण वाचतं, ते कुणी सांगतंय का?”

राजा हट्टाला पेटला. “मग तूच सांग! पण डाकवाल्यांवर पाळत ठेवायची नाही, लाखेची मोहर तपासायची नाही, कुणाला एक प्रश्नही विचारायचा नाही. जमलं नाही, तर तुझ्या बापाची घुंगुरकाठी चुलीत!”

“पोरी, कशाला गं हा उपद्व्याप?” हिरबा कळवळला.

“आबा, तुम्ही आधी भाकरी खा,” भिवरा म्हणाली.

मग तिने दरबार रिकामा करायला लावला आणि राजाला काय सांगितलं कोण जाणे! राजाने ताईसाहेबांना स्वतःच्या हाताने तीन पत्रं लिहिली, मोहरा ठोकल्या आणि तिन्ही डाकांनी एकदमच रवाना केली.

तिसऱ्या दिवशी पहाटे राजाची झोप मोडली ती भसाड्या ओरडण्याने. गडाच्या दरवाजात गाढविणीच गाढविणी! पाठोपाठ काळ्या कोंबड्यांच्या टोपल्या. नुसता कलकलाट!

आठव्या दिवशी हिरबा ताईसाहेबांचं उत्तर घेऊन परतला. “दादा, फाटक्या केरसुणीला दहा मोहरा देतोस? प्रकृती बरी आहे ना?”

राजाने भर दरबारात भिवराला पुढे बोलावलं.

“महाराज, सांडणीवाल्याच्या पत्रात तुम्ही लिहिलंत, वैद्याने गाढविणीचं दूध सांगितलंय, मागेल ती किंमत देऊ. घोडेवाल्याच्या पत्रात काळे कोंबडे. आबांच्या पत्रात फाटक्या केरसुण्या, एकीला दहा मोहरा! घरोघरी कोपऱ्यात पडलेल्या असतात. आली का दारात एक तरी? मी कुणाला काही विचारलं नाही. उत्तरं आपल्या पायांनी चालत आली!”

दोन्ही मालकांच्या मिशा खाली आल्या. पण राजा हट्टी तो हट्टीच!

“ते खरं गं! तरी चार दिवस म्हणजे चार दिवस. हे दोघे चपळ तर आहेत?”

“चपळ? अहो महाराज, पत्र ताईसाहेबांना दोन दिवसांनी मिळालं, बाजाराला मात्र पाठवलं त्याच संध्याकाळी! यांच्याइतकं चपळ कुणीच नाही!”

राजा पोट धरधरून हसला. पगडी तिरकी झाली तरी हसू थांबेना. “हिरबा, पागेतला हवा तो घोडा तुझा! आणि भिवरे, आजपासून तांबडगडची सगळी डाक तुझ्या हुकमात!”

हिरबाने डोळे पुसले आणि पागेतली सगळ्यात गरीब घोडी मागून घेतली.