ठकूबाईचा फोटो

रोलचे कॅमेरे मागे पडू लागले होते, तेव्हाची गोष्ट. मुकुंदराव फोटोग्राफरच्या दुकानात नवा डिजिटल कॅमेरा आला. तो तिथल्या जुन्या रोलच्या कॅमेऱ्याला म्हणाला, “आजोबा, तुमचा फोटो दिसायला आठ दिवस लागतात म्हणे. माझा लगेच दिसतो.”



तेवढ्यात मेंढरं राखणारी ठकूबाई तान्ह्या बाळाला घेऊन आली. दुपारी त्यांचा कळप पुढच्या गावी निघणार होता. नव्या कॅमेऱ्याने भराभर वीस फोटो काढले, पण प्रत्येकात बाळ रडतच होतं.

“घाई करू नकोस,” जुना हळूच म्हणाला. “ते आईकडे बघेल, तोवर थांब.”

नवा थांबला. बाळाने आईकडे पाहिलं आणि ते हसलं. पडद्यावरचा फोटो ठकूबाई कितीतरी वेळ बघत राहिली.

जुना म्हणाला, “माझ्यापुढे बसलेली अशी किती माणसं आपला फोटो न बघताच निघून गेली. बरं झालं, तू आलास.”