घाटोबाची गोळी आणि ठकू

सरका जरा पुढं, आणि पाय पसरून बसा, घाट चढून आलाय तुम्ही. या घाटाला वाट होती पण सडक नव्हती, तेव्हाची ही गोष्ट, फार फार वर्षांपूर्वीची. कोकणातलं मीठ तेव्हा माणसंच पाठीवर घेऊन वर चढवायची, कारण बैलाचाही पाय ठरत नसे अशी ती वाट. चढून चढून त्यांचे गुडघे सुजायचे, लाल व्हायचे. हात लावला तर चटका बसायचा.

मग मुकादमानं तोड काढली. सकाळी गोणी उचलण्याआधी प्रत्येकाच्या जिभेवर अफूची गोळी. पहिली गोळी पायथ्याच्या घाटोबापुढं, मग माणसांना. हसू नका रे! देवालाच चालते म्हटल्यावर नाही कोण म्हणणार? गोळी पोटात गेली की दुखणं गप्प. दुखत नाही म्हणजे बरं झालं, असं धरून गडी आणखी ओझं उचलायचे.

त्यांतला भिवा म्हणजे ठकूचा नवरा. ठकू साधी बाई, पण झाडपाल्यातली जाणती. एका सकाळी भिवा उठायला गेला आणि त्याला उठताच येईना. गुडघा भोपळ्याएवढा झालेला. मुकादम दारात येऊन म्हणाला, "दोन गोळ्या द्या वहिनी, चढेल."

ठकू म्हणाली, "भाऊजी, दुखणं निजलंय, गेलं नाही. आणखी निजवलंत तर माझा माणूस पुन्हा पायावर उभा राहायचा नाही."

तिनं भिवाच्या कमरेची अफूची डबी काढली आणि ओढ्यात फेकली. तिथून तरातरा गेली आणि घाटोबापुढची गोळीही भिरकावली. अरे बापरे! साऱ्या गावाचं धाबं दणाणलं. आता देव कोपणार, दरड कोसळणार! ठकूनं हात जोडले नि म्हणाली, "देवा, तुझे गुडघे दुखत असतील तर सांग, शेकून देते."

असं म्हणतात, देव काही बोलला नाही. पण दरडही कोसळली नाही.

भिवा मात्र तलफेनं तडफडला. त्यानं बायकोला वैरीण म्हटलं, शिव्या दिल्या, एकच गोळी दे म्हणून तिच्या पाया पडला. तिलाही रडू फुटायचं माउलीला, पण ती जागची हलली नाही. निर्गुडीचा पाला तव्यावर गरम करायची, गुडघ्यावर बांधायची, निवला की दुसरा. पाला तोडायचा तर आदल्या संध्याकाळी झाडाला अक्षता वाहून आवतण द्यायची रीत. तीही तिनं चुकवली नाही.

होता होता ओढ्याकाठचं निर्गुडीचं झुडूप ओकंबोकं झालं. ठकू त्याच्यापुढं अक्षता ठेवून म्हणाली, "आता तुला ओरबाडवत नाही गं बाई. आणि त्याला टाकून लांब रानात जाता येत नाही. तूच ये."

असं म्हणतात, सकाळी दार उघडलं तर अंगणात निर्गुडी उभी! मुळांना ओढ्याचा ओला चिखल. शहाणी माणसं म्हणतात, पाला काढून तिनं अंगणात फेकलेल्या काड्याच रुजल्या असतील. असतील बाबा. मी आपली, ती चालत आली, असंच सांगणार.

हळूहळू सूज उतरली. भिवा काठी टेकून उभा राहिला आणि म्हणाला, "ठकू, अजून दुखतंय गं थोडं." ती हसता हसता रडली. कित्येक वर्षांनी तो आपलं दुखणं तिला सांगत होता. मग बाकीचे गडीही लंगडत तिच्या दारी आले. सगळ्यात शेवटी मुकादम आला, गुडघे धरून. त्यालाही तिनं चटई टाकून दिली.

घाटोबाला तेव्हापासून गोळी चालत नाही, गरम पाला चालतो. आणि आमच्या गावात कुणाचं दुखणं उसळलं की शेजारपाजारचं माणूस हातातलं काम टाकून जातं, "ठकूच्या नावानं आलोय" म्हणतं आणि उशाशी बसतं. शिव्या खाल्ल्या तरी उठायचं नाही, हा नेम.

गेल्या साली माझी पाठ धरली, तेव्हा शेजारच्या शेतातला सोनबा आला. बांधावरून आमचं बोलणं कधीचं तुटलेलं. तरी येऊन बसला. मी कळवळून त्याच्या सात पिढ्या उद्धरल्या. मेला मान हलवत ऐकत राहिला, आणि तव्यावरचा पाला उलटत राहिला.