बाद झालेला गडी

मिरजेच्या एका व्यावसायिक कबड्डी संघाचे मालक होते दादासाहेब मगदूम. संघाच्या बनियनवर त्यांनी सट्ट्याच्या एका ॲपचं नाव छापून घेतलं होतं. संघाचा चढाईपटू केरबा त्याच ॲपच्या नादी लागून पार खचला होता. प्रशिक्षक शकूताईंना त्याच्यावर उपचार करवून घ्यायचे होते, तर दादासाहेबांना त्याला काढून टाकायचं होतं.

"गुडघा मोडला असता तर मी खर्च केला असता," दादासाहेब म्हणाले. "हे त्यानं स्वतः ओढवून घेतलंय. स्वतः पडला, स्वतः उठेल."

केरबा दाराबाहेरच्या बाकावर बसला होता. त्याला सगळं ऐकू जात असणार.

"दादासाहेब, तुम्हीपण खेळायचात ना?"

"खेळायचो? जिल्हा गाजवलाय!"

"कधी बाद झालात?"

"कोण होत नाही?"

"चूक कुणाची असायची?"

"माझीच. उगाच खोल घुसायचो."

"मग परत मैदानात कसे यायचात?"

"काय विचारता ताई! सोबत्यांनी समोरचा गडी टिपला की मी आत. बाहेर बसलेला गडी स्वतःहून कसा आत येईल?"

"तेच म्हणते मी," शकूताई हळूच म्हणाल्या. "केरबा बाहेर बसलाय."

दादासाहेब उठून बाहेर गेले आणि केरबाच्या खांद्यावर हात ठेवला.

"उद्या डॉक्टरांकडे दोघं जाऊ. आणि आता सरक जरा. बनियनवर ते नाव मीच छापलं, म्हणजे मीसुद्धा बादच की."