शिरपतीचं हरित प्रमाणपत्र

माळावरच्या एका गावात एक भोळा सुतार होता. नाव शिरपती. हात असा सरळ, की त्यानं रंधा मारलेल्या फळीवरून मुंगी घसरावी. डोकंही तसंच सरळ होतं, त्यात वळण म्हणून नव्हतं. एकदा एक वाट दाखवली की शिरपती त्या वाटेनं निघाला, मग पुढं वेस येवो नाहीतर विहीर.

या शिरपतीचं लग्न अडलं होतं. मुलगी पसंत होती, किसनतात्यांची कावेरी. कावेरीलाही तो पसंत होता. का, ते तिलाच ठाऊक. पण तात्या म्हणत, "आज रंधा हाय, उद्या न्हाई. कायमची नोकरी दाखव, मग पोरगी देतो."

त्याच सुमारास गावानं वाचनालय सजवायला काढलं. सरपंच पार्वतीआक्कांच्या मनात आलं, करायचं तर नाव निघेल असं करायचं. पाणी, वीज, लाकूड जपून आतली सजावट केली, तर दिल्लीची एक संस्था हरित म्हणून प्रमाणपत्र देते. एकेका गोष्टीला गुण असतात, शाळेत असतात तसे. त्यासाठी शहरातून सजावटीच्या जाणकार बोधनकर मॅडम आल्या. सुतारकाम शिरपतीकडं आलं. आणि आक्कांनी चारचौघांत सांगून टाकलं, "प्रमाणपत्र आलं तर शिरपती वाचनालयाचा राखणदार. कायमचा."

तात्या लगेच म्हणाले, "ठरलं. प्रमाणपत्र भिंतीला लागू दे, दुसऱ्या दिवशी लग्न."

शिरपतीनं मान डोलावली. तो सगळ्यालाच मान डोलवायचा.

पहिल्या दिवशी मॅडम म्हणाल्या, "शिरपती, नवीन लाकूड एक फळीसुद्धा आणायची नाही. गावात जुनी दारं असतील, ती घ्यायची आणि त्यांचीच कपाटं करायची. जुन्या लाकडाला गुण मिळतात."

शिरपतीनं रुमालाला गाठ मारली. लक्षात ठेवायची गोष्ट असली की तो रुमालाला गाठ मारी. मग तो हत्यारं घेऊन निघाला. गावातलं सगळ्यांत जुनं दार आक्कांच्या न्हाणीघराला होतं. अस्सल सागवान. त्यानं बिजागरीचे खिळे काढले आणि दार खांद्यावर घेतलं.

न्हाणीघरात आक्का होत्या.

"आक्का, दार न्यायलोय बरं का," शिरपती पाठमोराच म्हणाला. तेवढी रीतभात त्याला होती. "जुनं हाय."

आतून पितळेचा तांब्या आला आणि शिरपतीच्या पाठीत बसला.

मॅडमनी कपाळावर हात मारला. "अहो, विचारून घ्यायचं! मालक हो म्हणेपर्यंत कशालाही हात लावायचा नाही."

"आता चुकणार न्हाई," शिरपती म्हणाला आणि त्यानं दुसरी गाठ मारली.

गाव मात्र दिलदार. मागितल्यावर लोकांनी पडीक दारं, मोडके पाट, जुन्या फळ्या आपणहून आणून दिल्या. काम झपाट्यानं सुरू झालं. मग एका सकाळी वाचनालयातला नळ कुणीतरी उघडा ठेवून गेलं. शिरपती आला तो पाणी भळाभळा वाहत होतं. तो नळाकडं धावला आणि मध्येच थबकला. नळ कुणाचा? ग्रामपंचायतीचा. पंचायत कुणाची? आक्कांची. आक्का कुठं? तालुक्याला, मीटिंगला.

शिरपती एसटीनं तालुक्याला गेला. मीटिंग चालू होती, म्हणून दाराबाहेर शहाण्यासारखा बसून राहिला. आक्का बाहेर आल्या तेव्हा ऊन कलायला लागलं होतं.

"आक्का, नळ तुमचा हाय न्हवं?"

"कसला नळ?"

"वाचनालयातला. बंद करू का?"

"आरं, कर की. त्यात इचारायचं काय? का, गळतोय का?"

"न्हाई, वाहतोय. सकाळपास्नं."

गावात परत आले तोवर टाकी रिकामी झाली होती आणि वाचनालयात बेडकं आली होती. मॅडमनी केरसुणी घेऊन बेडकं हाकलली. शेवटी त्या म्हणाल्या, "पाणी वाया जाताना दिसलं की विचारत बसायचं नाही! पळत जायचं आणि बंद करायचं. एकेका थेंबाला गुण आहेत."

"आता चुकणार न्हाई."

तिसरी गाठ.

दोन दिवस बरे गेले. तिसऱ्या दिवशी निरोप आला की किसनतात्यांना थंडीताप आलाय आणि डॉक्टरांनी त्यांना दवाखान्यात झोपवून सलाईन लावलंय. होणारा सासरा आजारी म्हटल्यावर जायला हवं. शिरपती मोसंबी घेऊन गेला. बघतो तर तात्यांच्या उशाशी बाटली टांगलेली, आणि नळीतून थेंब थेंब गळतंय. सगळे बसून बघताहेत! कुणाला काही चाड नाही!

शिरपतीनं कुणाला विचारलं नाही. पळत गेला आणि चाकी फिरवून नळी बंद केली.

"वाया जात हुतं," तो तात्यांना म्हणाला. "बरं झालं मी आलो."

तात्या उठून बसायचा प्रयत्न करू लागले, ते त्याला मारायला. कावेरीनं पदर तोंडाला लावला आणि ती खिडकीकडं वळली. तिचे खांदे हलत होते. डॉक्टर धावत आले. "अहो सुतार, एकदा चालू केलेलं मध्येच बंद करायचं नसतं! संपेपर्यंत चालू ठेवायचं. आपण शेजारी बसून लक्ष ठेवायचं. कळलं?"

कळलं तर होतंच. गाठही बसली.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी मॅडम वाचनालयात आल्या. बाहेर टळटळीत ऊन. खिडक्या बंद. आत सगळे दिवे चालू, सगळे पंखे गरगरताहेत आणि मधोमध स्टूल टाकून शिरपती दिव्यांकडं टक लावून बसलेला.

"हे काय चाललंय?"

"रात्री वायरमननं चालू करून बघितलं, आन् तसाच गेला. मी लक्ष ठिवलंय."

"मग बंद का नाही केलं?"

"अजून संपलं न्हाई, मॅडम."

मॅडमनी सगळी बटणं एका हातानं बंद केली आणि दुसऱ्या हातानं खिडक्या उघडल्या. "दिवसा दिवा लागता कामा नये. बाहेरचा उजेड, बाहेरचा वारा, सगळं आत येऊ द्यायचं. दारं-खिडक्या सताड उघड्या ठेवा. बाहेरचं आत येतंय ना, मग अडवू नका!"

"न्हाई अडवणार," शिरपती म्हणाला.

आणि खरंच नाही अडवलं. घुमणारा आवाज शोषून घेण्यासाठी मॅडमनी भिंतींना लावायला गवताच्या जाड चटया विणून घेतल्या होत्या. बायांनी मेहनतीनं विणलेल्या, सुबक. दुसऱ्या दिवशी दुपारी धनगराचा कळप वाटेनं चालला होता. दार सताड उघडं बघून पहिली शेळी आत आली. तिच्यामागून बाकीच्या. शिरपती दाराच्या कडेला अदबीनं उभा राहिला, आणि एक करडू उंबऱ्याला अडखळलं त्याला त्यानं हात दिला.

मॅडम आल्या तेव्हा चटया शेळ्यांच्या पोटात गेल्या होत्या आणि भिंतीवर नुसत्या सुतळ्या लोंबत होत्या.

"तुमीच म्हनाला, मॅडम."

मॅडम खाली बसल्या. त्यांना हसावं की रडावं कळेना. तपासणी तोंडावर आली होती. बाया बिचाऱ्या पुन्हा चटया विणायला बसल्या. मॅडमनी शिरपतीला समोर उभं केलं आणि एकेक शब्द तोडून सांगितलं, "आत येणारी प्रत्येक गोष्ट आधी दारात तपासायची. कुठून आली, कशाची बनली, वास येतो का. आसपासच्या चार गावांतली असेल तर आत. लांबून आलेलं, उग्र वास येणारं, प्लास्टिकचं, असलं काही आत घ्यायचं नाही. कुणी कितीही सांगू दे."

आता रुमालात गाठीला जागा उरली नव्हती. शिरपतीनं सदऱ्याच्या टोकाला मारली.

तपासणीचा दिवस उजाडला. दिल्लीहून केळुस्कर साहेब येणार होते. आक्का आणि मॅडम हार घेऊन एसटी स्टँडवर गेल्या. साहेब गाडी करून दुसऱ्याच रस्त्यानं थेट वाचनालयापाशी उतरले. दारात शिरपती आडवा.

"थांबा. कुठनं आला?"

"दिल्लीहून."

"लई लांब. अंगाला वास कसला येतोय?"

"अत्तर आहे. वाळ्याचं."

"हं. कशाचं बनलाय?"

साहेब जरा विचारात पडले. "हाडामांसाचा असेन."

"प्लास्टिक बिलास्टिक?"

"एक दात बसवलेला आहे."

"निघंल का?"

"नाही निघणार."

"मग बसा तिकडं लिंबाखाली. आत घेता यायचं न्हाई."

आक्का आणि मॅडम धापा टाकत परत आल्या, तर साहेब लिंबाखाली बसून शेंगा खात होते. दोघींचे चेहरे पांढरे पडले. साहेब मात्र हसत होते. "अहो, एवढी कडक तपासणी मीसुद्धा करत नाही! मी खिडक्यांतून सगळं बघितलंय. उजेड चांगला आहे, वारा चांगला आहे, कपाटं तर झकास. आता या गृहस्थांची परवानगी मिळाली तर पाण्याचं मीटर बघतो." परवानगी मिळाली नाही. मीटर शिरपतीनंच वाचून सांगितलं.

जाता जाता साहेबांना कचऱ्याच्या पेटीत कागद दिसले. ते म्हणाले, "बाकी छान. एवढं एक सुधारा. एका बाजूनं छापलेला कागद टाकू नये. मागची कोरी बाजू दिसली की ती आधी वापरायची. नवा कागद आणायचाच नाही."

सदऱ्याच्या दुसऱ्या टोकाला गाठ बसली.

थोड्याच दिवसांत फोन आला. पास! प्रमाणपत्र टपालानं निघालं होतं. गावात आनंदीआनंद झाला. तापातून उठलेले तात्यासुद्धा विरघळले. शिरपतीच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "चला जावईबापू, तेवढ्या लग्नपत्रिकांचं तुमी बघा."

टपाल यायच्या दिवशी आक्कांना तालुक्याला जायचं होतं. त्या घाईघाईनं शिरपतीला सांगून गेल्या, "प्रमाणपत्र आलं की सोडवून घे. आन् घरोघर पोचीव. एक घर सुटता कामा न्हाई. समद्यांनी आपापली दारं दिल्याती त्याच्यासाठी." त्यांना म्हणायचं होतं, बातमी पोचव. पण तसं त्या म्हणाल्या नव्हत्या.

प्रमाणपत्र आलं. चांगलं थोरलं, जाड, गुळगुळीत. पुढं सोनेरी नक्षी, लाल शिक्का, मोठ्या साहेबांची सही. शिरपतीनं ते उलटं करून बघितलं. मागची बाजू कोरी करकरीत होती!

संध्याकाळी आक्का पेढे घेऊन परतल्या. बरोबर बांबूची चौकट घेऊन मॅडमही आल्या होत्या.

"प्रमाणपत्र कुठं आहे?" मॅडमनी विचारलं.

"पोचवलं."

"कुठं?"

"घरोघर. एक बी सुटलं न्हाई. आक्का, हे तुमचं."

त्यानं आक्कांच्या हातात एक चौकोनी तुकडा ठेवला. कडा करवतीनं कापाव्यात तशा सरळ. एका बाजूला अर्धा लाल शिक्का. दुसऱ्या बाजूला शिरपतीच्या टपोऱ्या अक्षरात: 'शिरपती व कावेरी यांच्या शुभविवाहास अगत्य येण्याचे करावे.'

आक्कांच्या हातातला पेढ्यांचा पुडा खाली पडला. तेवढ्यात तात्या तणतणत आले. त्यांच्या वाट्याला मोठ्या साहेबांची सही आली होती. "ह्यो असला जावई? प्रमाणपत्र न्हाई तर नोकरी न्हाई, आन् नोकरी न्हाई तर लगीन बी न्हाई! मोडली सोयरीक!"

शिरपतीला आजवर तांब्या लागला होता, शिव्या लागल्या होत्या, पण त्याला कधी वाईट वाटलं नव्हतं. आज वाटलं. तात्यांच्या मागं कावेरी उभी होती, आणि या वेळी तिचे खांदे हलत नव्हते. ती नुसतीच त्याच्याकडं बघत होती. शिरपती खाली मान घालून रुमालाच्या गाठी चाचपत राहिला. त्यातली कुठली चुकली, ते त्याला समजेना.

मॅडमनी दिल्लीला फोन लावला. दुसरी प्रत मिळणार नाही, तिकडचे म्हणाले. फाटलं असेल तर नीट जोडून लावा. मॅडमनी शिरपतीला हलवलं. "ऐका. घरोघर जा. सगळे तुकडे गोळा करा. जागच्या जागी जोडा, फट दिसता कामा नये, आणि भिंतीला असं चिकटवा की जन्मात निघणार नाही."

शिरपतीचे डोळे चमकले. सुताराला जोडायचं काय सांगावं लागतं? त्यानं तुकडे आणले, गव्हाच्या पिठाची खळ शिजवली, आणि दार लावून कामाला बसला. सकाळी सगळा गाव वाचनालयात जमला. भिंतीवर चादर टांगली होती. आक्कांनी ती ओढली.

जोड असा, की नख जाऊ नये. एक तुकडा मागंपुढं नाही. आणि कागदभर, ओळीनं, एकाखाली एक: 'शिरपती व कावेरी यांच्या शुभविवाहास अगत्य येण्याचे करावे. शिरपती व कावेरी यांच्या शुभविवाहास अगत्य येण्याचे करावे.'

मॅडमनी कोपरा नखानं उचलून बघितला. कोपरा हलला नाही. भिंतीचा पोपडा मात्र निघाला.

तेव्हा कावेरी पुढं आली. "तात्या, तुमची अट काय हुती?"

"प्रमाणपत्र भिंतीला लागलं पायजे."

"मग? लागलंय का?"

तात्यांनी कागदावर बोट घासलं, बुक्की मारली, कान लावून बघितलं. खोटं बोलायचा त्यांचा स्वभाव नव्हता. "लागलंय खरं," ते म्हणाले. मग डोळे बारीक करून त्यांनी पुन्हा वाचलं. "पर ह्यात तारीख कुठाय?"

"खाली हाय की, तात्या," शिरपती म्हणाला. "तुमीच सांगितली तीच लिवली."

सगळ्यांनी माना वाकवून वाचलं. प्रत्येक तुकड्याच्या तळाशी बारीक अक्षरात लिहिलं होतं: 'प्रमाणपत्र भिंतीला लागल्याच्या दुसऱ्या दिवशी विवाह.'

"म्हंजी उद्याच!" तात्या ओरडले आणि धोतर सावरत मांडववाल्याकडं पळाले. मागोमाग बाया हळदीला पळाल्या. आक्का हसून हसून भिंतीला टेकल्या होत्या. "उद्यापास्नं कामावर ये," त्या कशाबशा म्हणाल्या, "न्हाई, परवापास्नं ये."

मॅडम तेवढ्या भिंतीसमोर उभ्या होत्या.

"पण शिरपती," त्या रडवेल्या आवाजात म्हणाल्या, "ती सोनेरी बाजू आता कुणी वाचायची?"

"भिंतीनं," शिरपती म्हणाला. "प्रमाणपत्र तिचंच हाय न्हवं?"