निवारकास्त्राचे मूल्य

कृतयुगाचा अस्त होऊन त्रेतायुगाला नुकताच आरंभ झाला होता, देव आणि मनुष्य यांच्यातले येणे-जाणे अजून पुरते थांबले नव्हते, त्या काळी दक्षिण समुद्राच्या तीरावर शोणावती नावाची नगरी होती. तेथे धृतिकेतू नावाचा प्रजावत्सल राजा राज्य करीत असे. नगरीच्या उत्तरेला पयोदा नदी वाहत होती आणि तिच्या पैलतीरावर, तालवृक्षांच्या दाट छायेत, और्णायन ऋषींचा आश्रम होता. तरुण वयात पत्नी सूनृता हिच्यासह ऋषी त्या वनात आले आणि तेव्हापासून त्यांच्या अग्निहोत्रात एकदाही खंड पडला नव्हता. त्यांनी तप अपार केले, पण ते कशासाठी, असे कोणी विचारले तर ते नुसते हसत. खरे सांगायचे तर देहात असतानाच ब्रह्मलोकाचे दर्शन घ्यावे, ही त्यांची एकमेव इच्छा होती आणि ती पुरी व्हायला फार काळ उरला नव्हता.

त्याच सुमारास समुद्रापलीकडे, शेकडो योजने दूर असलेल्या अंगारद्वीपावर, धूम्रबाहू नावाच्या दानवाने उग्र तप करून अग्निदेवाला प्रसन्न करून घेतले. अग्नी हा मुळातच भोळा आणि त्वरित संतोष पावणारा देव. दानवाने दोन वर मागितले. कोणाच्याही शस्त्राने वा शापाने आपल्याला मरण येऊ नये, हा पहिला. मूठभर निखारे घेऊन मंत्र म्हणताच त्यांचे अस्त्र व्हावे आणि मनात धरलेल्या स्थळी, मग ते कितीही दूर असो, ते जाऊन पडावे, हा दुसरा. अग्नी "तथास्तु" म्हणाला आणि निघून गेला. या वराचे पुढे काय होईल, याचा विचार त्याने केला नाही.

धूम्रबाहूने शोणावतीकडे करभार मागितला, धृतिकेतूने तो नाकारला, आणि थोड्याच दिवसांत भरदुपारी दक्षिणेच्या आकाशातून धूमकेतूसारखे पेटलेले काही तरी गर्जत आले. नगरीचे धान्यागार, त्याच्या भोवतीची घरे आणि घरांतली माणसे भस्म झाली. धृतिकेतूची सेना शूर होती, पण जो शत्रू दृष्टीसही पडत नाही त्याच्यावर ती बाण तरी कसे सोडणार? राजा अनवाणी नदी ओलांडून आश्रमात आला आणि त्याने ऋषींचे पाय धरले.

और्णायनांपाशी निवारकास्त्राची विद्या होती. आकाशमार्गाने येणाऱ्या अस्त्राला वाटेतच गाठून, उंचावरच त्याचे भस्म करणारे असे ते अस्त्र होते. त्याचे अनुष्ठान निखाऱ्यांवर होत नसे. एका निवारकासाठी साधकाला एका वर्षाचे तप वेचावे लागे. ऋषींनी हे राजाला स्पष्टपणे सांगितले. त्या रात्री सूनृतेने त्यांना एवढेच विचारले, की ब्रह्मलोकाचे काय. ऋषी म्हणाले, की तो आहे तिथेच राहील. दुसऱ्या दिवशी ते नगरीच्या प्राकारावर वेदी रचून बसले.

पहिले अस्त्र आले तेव्हा सारी नगरी श्वास रोखून वर पाहत होती. ऋषींच्या ओंजळीतून शुभ्र ज्योत निघाली, मेघांच्या वर गेली, आणि क्षणभराने दुसरा सूर्य उगवावा तसा प्रकाश पडून समुद्रावर नुसती राख झरली. लोकांनी दुंदुभी वाजवल्या. राजाने दवंडी पिटवून घोषणा केली, की आता शोणावतीला कोणतेही भय उरले नाही. ऋषींना ती घोषणा आवडली नाही. त्यांनी राजाला एकांतात बोलावून सांगितले, की हे अस्त्र प्रत्येक वेळी लागेलच असे नाही. वेग प्रचंड असतो, लक्ष्य सुईच्या अग्राएवढे असते, चार निवारकांतला एखादा चुकणारच. प्रजेला डोंगरातल्या गुहा मोकळ्या करून द्याव्यात आणि गर्जना ऐकू येताच तिकडे जाण्याची सवय लावावी. राजाने गुहा मोकळ्या केल्या, पण दवंडी मागे घेतली नाही.

पुढे ऋषी म्हणाले तसेच झाले. एक निवारक चुकला आणि कुंभारवाडा जळाला. तेव्हापासून ऋषी एका अस्त्रावर दोन-दोन निवारक सोडू लागले आणि तपाचा व्यय दुप्पट झाला. धूम्रबाहू क्रूर होता, पण मूर्ख नव्हता. त्याने हेरांकडून सारे जाणून घेतले आणि मग पोकळ अस्त्रे सोडायला आरंभ केला. त्यांत प्रकाश होता, गर्जना होती, दाह मात्र नव्हता. ती खऱ्या अस्त्रांच्या मेळ्यात मिसळून येत आणि अगदी जवळ येईपर्यंत ऋषींच्या दिव्यदृष्टीलाही खरे कोणते आणि पोकळ कोणते हे कळत नसे. अंगारद्वीपावर दानव निखाऱ्यांच्या राशीपाशी बसून हसत होता. इकडे शोणावतीच्या प्राकारावर एका वृद्धाच्या आयुष्यभराची साधना पोकळ उजेडावर खर्च होत होती.

ऋषींचे केस पांढरे झाले, दृष्टी मंद झाली. राजाच्या विनंतीवरून वनोवनीच्या तपस्व्यांनी आपापले तप दिले. पण ज्यांचे तप गेले त्यांच्या यज्ञांतले तेजही गेले, आणि त्या वर्षी मेघ आले ते विरळ आले. समुद्रात किंवा ओसाड टेकडीवर पडणारी अस्त्रे ऋषी आता जाऊ देऊ लागले. राजाला ऋषींची ही झीज सहन होईना. एके दिवशी त्याने विचारले, की दानवाचे निखारे आधी संपतील की आपले तप.

"राजन्, निखारे कधीच संपणार नाहीत," ऋषी म्हणाले. "मी ढाल आहे. ढालीने वेळ मिळतो, युद्ध संपत नाही. तो वेळ मी तुला दिला, आणि तू दवंडी पिटवीत बसलास. दूत पाठव, मित्र जोड, देवांना साकडे घाल. माझ्यापाशी आता एकच वर्ष उरले आहे."

राजाने मान खाली घातली. त्याच दिवशी त्याने चारी दिशांना दूत पाठवले, पण ते परतण्यापूर्वीच दक्षिणेचे आकाश पुन्हा पेटले.

त्या वेळी दोनच अस्त्रे आली आणि दोन्ही खरी होती. ऋषींनी डोळे मिटून त्यांचे मार्ग पाहिले. एक कोष्ट्यांच्या आळीवर पडणार होते. तिथल्या गुहेची वाट आदल्या दिवशी दरड कोसळून बंद झाली होती आणि माणसे घरांतच होती. दुसरे पयोदेच्या पैलतीरावर, तालवनात पडणार होते. राजा शेजारीच उभा होता. ऋषींचा चेहरा पाहून त्याला दुसऱ्या अस्त्राचे लक्ष्य कळले. ऋषींनी सूनृतेचे स्मरण केले. शिष्यांना घेऊन ती एव्हाना नदीच्या खडकांआड गेली असेल, असे त्यांनी मनाशी म्हटले, आणि शेवटचा निवारक कोष्ट्यांच्या आळीकडे येणाऱ्या अस्त्रावर सोडला. तो लागला.

सूनृतेने गर्जना ऐकताच सर्व शिष्यांना आणि गायींना खडकांआड नेले होते. मग अग्निहोत्राचा अग्नी कुंडातच राहिला, हे तिच्या ध्यानात आले. तो टाकून जाणे तिच्याने होईना. ती परत गेली, अग्निपात्र उचलले आणि ते पदराआड धरून निघाली. ऋषी तेथे पोहोचले तेव्हा तालवनाच्या जागी काळी भूमी होती, आणि वाटेवर एक अग्निपात्र पडले होते. त्यातला अग्नी अजून जळत होता.

त्या अग्नीतून साक्षात अग्निदेव प्रकट झाला. त्याचे तेज मलूल होते आणि त्याला ऋषींकडे पाहवत नव्हते.

"महर्षे," तो म्हणाला, "जिने मला पदराआड धरले, तिला मीच जाळले. मला शाप दे. मी तो घेईन."

और्णायनांनी खाली वाकून ते अग्निपात्र उचलले. त्यांच्यापाशी शाप देण्याइतकेही तप उरले नव्हते, हे अग्नीला ठाऊक नव्हते आणि ऋषींनी ते सांगितलेही नाही. सूनृता परत मिळेल का, असे त्यांनी विचारले. प्राण हे यमाच्या अधीन आहेत, असे अग्नीने सांगितले. धूम्रबाहूचा वर काढून घेता येईल का, असे त्यांनी विचारले. दिलेले वचन देवालाही मोडता येत नाही, असे उत्तर आले.

तेव्हा ऋषी म्हणाले, "मग वर राहू दे. मात्र त्याचे मूल्य तू ठरवले नव्हतेस, ते आता ठरव. एक अस्त्र अडवताना अडवणाऱ्याचे जेवढे तप जाते, तेवढेच ते सोडणाऱ्याचेही जावे. खरे असो वा पोकळ."

अग्नीने ते मान्य केले आणि तो पात्रात विलीन झाला.

अंगारद्वीपावर धूम्रबाहूने दुसऱ्या दिवशी नेहमीप्रमाणे निखारे उचलले. त्याचा हात एकाएकी जड झाला, जणू कोणी मनगटाला शिळा बांधली असावी. अस्त्र गेले, पण त्याच्या मस्तकाभोवतीचे तेज एका कलेने उणे झाले. त्याने रागाने पोकळ अस्त्रांचा मेळा सोडला आणि पाहता पाहता त्याच्या तपाचा मोठा भाग ओसरला. ज्या तपाच्या बळावर दोन्ही वर उभे होते तेच सरू लागले, हे उमगताच त्याने निखारे समुद्रात ओतले. पुढल्या पौर्णिमेला धृतिकेतूचा दूत द्वीपावर पोहोचला, तेव्हा दानवाने त्याला आसन दिले आणि संधीची बोलणी केली.

राजाने और्णायनांना नगरीत येऊन राहण्याची विनंती केली. ते गेले नाहीत. त्यांनी निवारकाची विद्या मोजक्या शिष्यांना दिली, काळ्या भूमीवर पुन्हा कुंड खणले, सूनृतेने जपलेला अग्नी त्यात ठेवला, आणि ज्याने कधीच तप केले नाही अशा बटूप्रमाणे पहिल्या गायत्रीपासून आरंभ केला.

तेव्हापासून अस्त्राचे विधान, म्हणजे नियमच, बदलले आणि ते मूल्य प्रत्येक अस्त्राला लागू झाले. पुढच्या युगांतले धनुर्धर अस्त्राचा मंत्र उच्चारू लागले, की त्यांचा हात क्षणभर जड होई, आणि त्या एका क्षणात कित्येकांनी बाण भात्यात परत ठेवला.