दोन फिल्टर

"म्हणजे उंदीर रेवतीच्या हाताने मेले, असं तुझं म्हणणं?"

"दुसरं काय असणार, सर?" उन्मेष म्हणाला. "माझ्या कणांनी बशीतली एकही पेशी दगावली नाही. तिने मात्रा चुकवली."

दोघांचे मार्गदर्शक निमकर सर यांनी समोरची वही मिटली.

उन्मेष हुशार होता, आणि ही गोष्ट त्याला कोणीतरी फार लवकर सांगून ठेवली होती. पॉलिमर द्रावकात विरघळवायचा, एका झटक्यात पाण्यात सोडायचा, द्रावक उडवून लावायचा, उरलेलं फिल्टरमधून गाळायचं. मग जांभळ्या दिव्याखाली पाण्यातले नॅनोकण नारिंगी उजळतात. ही कृती त्याने बसवली होती, बशीत वाढवलेल्या पेशींवर कण घालून ते निर्धोक ठरवले होते आणि तसा पेपरही छापला होता. कधीतरी हेच कण टोचून माणसाच्या पोटातली गाठ दिसावी, यासाठी सगळा खटाटोप.

त्याच कृतीने कण करून रेवतीने उंदरांना टोचले. काल ते सगळे मेले. दुपारी चौकशी समिती बसणार होती, आणि उन्मेषच्या शब्दावर रेवतीची पीएचडी राहणार की जाणार हे ठरणार होतं. खरं सांगायचं तर त्याला त्याचं फारसं वाईट वाटत नव्हतं.

"परवाच्या फेरचाचणीत पेशींना दिलेल्या कणांची बाटली आण," सर म्हणाले.

त्यांनी खोलीतला दिवा घालवला, जांभळा लावला. बाटलीत फिकट नारिंगी उजेड पसरला.

"बघा, सर."

"मात्रा कशी मोजलीस?"

"जेवढा पॉलिमर घातला, तेवढी."

"फिल्टर कुठाय?"

"फिल्टर?" उन्मेष हसला. "तो परवाच टाकला. कचऱ्याच्या डब्यात असेल."

"काढ."

डब्यातून निघाली बोटाच्या पेराएवढी प्लास्टिकची चकती. त्याने ती दिव्याखाली धरली.

ती निखाऱ्यासारखी पेटली. बाटली तिच्यापुढे विझल्यासारखी दिसू लागली.

उन्मेषने ती दिव्याच्या आणखी जवळ नेली.

"द्रावण पहिल्यापासून दाटच घेत आलोय मी..." तो म्हणाला. "गुठळ्या झाल्या असणार. सगळं इथंच अडकलं."

"मग पेशींना काय दिलंस?"

"...पाणी. जवळजवळ पाणीच."

सरांनी एप्रनच्या खिशातून दुसरी चकती काढून तिच्या शेजारी धरली. ती काळीच राहिली.

"ही रेवतीची."

रेवती द्रावण पातळ करून, वेळ घालवत काम करायची. दर वेळी वापरलेला फिल्टरही दिव्याखाली धरून बघते म्हणून उन्मेषने तिची चारचौघांत चेष्टा केली होती. तिचा एकही कण अडकला नव्हता. मेलेल्या उंदरांची यकृतं याच दिव्याखाली नारिंगी दिसली होती, आणि ती पाहून रेवती भिंतीकडे तोंड करून रडली होती.

"मात्रा बरोबर होती तिची," उन्मेष पुटपुटला. "कणच विषारी..."

सरांनी खोलीतला दिवा लावला.

"सर, पेपर छापून आलाय. दुसऱ्या प्रयोगशाळा त्यावर विसंबून काम करतायत. माझी पदवी जाईल."

"हो."

"तुमचंही नाव आहे त्यावर."

"आहे."

बाहेर कोणीतरी समितीच्या खोलीत खुर्च्या लावत होतं.

"मी काय सांगू त्यांना?"

सरांनी दोन्ही चकत्या त्याच्या तळहातावर ठेवल्या. जांभळ्या दिव्याची वायर प्लगमधून काढली, नीट गुंडाळली आणि दिवा त्याच्या दुसऱ्या हातात दिला.

"आधी पडदे ओढायला सांग."