टाहो गिळणारी सुई

एका राज्यात दुभत्या गाई एकाएकी आटल्या. राजा वीरसिंधू म्हणाला, हे चेटूक आहे. मग उग्रदत्त नावाचा पारखी रुप्याची सुई घेऊन आला. सुई टोचल्यावर बाई ओरडली नाही, तर ती चेटकीण. ती जागच्या जागी दगड व्हायची. वेशीत अशा तीन बाया दगड होऊन उभ्या होत्या. दूध मात्र थेंबभरही वाढलं नव्हतं. ते का, हे कुणी विचारलं नाही.

मग धुरपा सुईणीला धरलं. बाई तोंडाची फटकळ. शेजारणीशी भांडली आणि दुसऱ्या दिवशी शेजारणीचं वासरू मेलं, एवढाच पुरावा.

तिच्या तीन परीक्षा ठरल्या. पहिल्यांदा हात बांधून तळ्यात टाकली. बुडाली तर निर्दोष, तरंगली तर चेटकीण. ती सरळ बुडाली, आणि तळातल्या कासवाने तिला पाठीवर घेऊन काठाला आणून ठेवलं. उग्रदत्त म्हणाला, कासवही तिचंच.

दुसऱ्यांदा तो म्हणाला, तीन सोबतिणींची नावं सांग, तुला सोडतो.

"नावं मला गावभरच्या बायांची येतात," धुरपा म्हणाली. "त्यांची बाळंतपणं मीच केलीत. तुला एकही सांगणार नाही."

तिसरी परीक्षा सुईची. दरबार भरला. खांबावरची साळुंकी धुरपाला म्हणाली, "बाई, त्या तिघी ओरडल्या होत्या. सुईने टाहो गिळला. त्याआधी गाईंचा पान्हाही तिनेच गिळला. सुई मोडली तर दोन्ही सुटतील."

धुरपा म्हणाली, "महाराज, ही सुई आधी स्वतःला टोचून बघा."

राजाने उग्रदत्ताकडे पाहिलं. उग्रदत्त म्हणाला, तशी रीत नाही. तेव्हा दिवस भरलेली राणी मृगावती उठली, सुई हिसकावून घेतली आणि स्वतःच्या तळहातात खुपसली. रक्त आलं नाही. टाहो बाहेर आला नाही. पावलं दगडाची होऊ लागली.

"महाराज," राणी हळूच म्हणाली, "आता मीही चेटकीण का?"

धुरपाचे हात बांधलेले. तिने पुढे होऊन राणीच्या हातातली सुई दातांत धरली आणि कडकन मोडली.

सुईतून चार टाहो बाहेर पडले. राणीची पावलं मोकळी झाली, वेशीतल्या तिघी हलल्या, गोठ्यागोठ्यांतून गाईंना पान्हा फुटला. उग्रदत्त तेवढा दगड झाला. हल्ली तो वेशीत उभा आहे, आणि गाई त्याला अंग घासतात.

राजा खाली मान घालून म्हणाला, "धुरपाबाई, काय हवं ते माग."

"आधी माझे हात सोडा. राणीसाहेबांना कळा लागल्यात. पाणी तापवा, आणि तुम्ही बाहेर व्हा."

राजा बाहेर झाला.

मुलगी झाली. तिने असा टाहो फोडला की वेशीपर्यंत ऐकू गेला. घराकडे निघालेल्या त्या तिघी थांबल्या, ऐकलं, आणि हसत पुढे गेल्या.